पाच टनांची शिस्त

पाच टन. बार्शी लाइट रेल्वेचं सगळं शास्त्र या एका आकड्यावर उभं होतं. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा असो, चाकांच्या कुठल्याही एका जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, असं बंधन एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने स्वतःवर घालून घेतलं. मार्च १८९७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शी रोड ते बार्शी या सुमारे ३५ किलोमीटरांच्या मार्गावर त्याने ते पाळून दाखवलं. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी.

या रेल्वेविषयी जे थोडंफार लिहिलं गेलं, त्यात कॅलथ्रॉप असतो, वारकऱ्यांनी टपापर्यंत भरलेले डबे असतात, बार्शी-लातूरच्या बाजारपेठा असतात. कुर्डुवाडीची लोको शेड मात्र त्यात फारशी दिसत नाही. पाच टनांचा नियम लीड्सच्या कारखान्यात डब्या-इंजिनांच्या घडणीत उतरला हे खरं. तो रोज पाळला जायचा तो या शेडमध्ये, कोळशाच्या धुरात आणि तेलाने माखलेल्या हातांनी. ती शेड आता नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात एकेक टप्पा ब्रॉडगेज होत गेला आणि नॅरोगेजच्या इंजिनांबरोबर त्यांना सांभाळणारी जागाही कामातून गेली. शंभर वर्षांहून अधिक काळ एक अख्खी रेल्वे ज्या जागेने चालती ठेवली, तिची नोंद मराठीत झाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात बार्शीच्या अडचणीपासून करायला हवी. मुंबईहून निघालेला जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६०च्या सुमारास सोलापूरला पोहोचला, पण तो बार्शीला बगल देऊन गेला. बार्शी ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची जुनी पेठ. निजामाच्या मुलखातला माल बालाघाटच्या डोंगरातून उतरून इथे यायचा. पुढे तो बैलगाड्यांवर लादून बार्शी रोड स्टेशनापर्यंत न्यायचा आणि तिथे पुन्हा उतरवून रेल्वेत चढवायचा. पावसाळ्यात काळ्या मातीतले रस्ते बंद पडत. मुख्य मार्गाला जोडणारा फाटा हवा, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण ब्रॉडगेजचा फाटा टाकावा एवढी मिळकत इथे दिसत नव्हती.

कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला. त्याआधी त्याने क्रू येथे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. इंजिनांची तपासणी हेच त्याचं काम, त्यामुळे रेल्वेकडे तो पाहायचा तो रुळावरून नव्हे, शेडच्या खड्ड्यातून, इंजिनाच्या पोटाखालून. मला हा तपशील मोलाचा वाटतो. स्वस्त रेल्वे कशी बांधायची, या प्रश्नाला त्या काळातले बहुतेक लोक रूळ हलके करा, वळणं तीव्र करा, भराव कमी घाला, असं उत्तर देत. कॅलथ्रॉपने प्रश्न उलटा धरला. रूळ किती सोसेल ते आधी ठरवा आणि मग त्यावर चालणारी प्रत्येक वस्तू त्या मापात बसवा. या कल्पनेसाठी त्याने १८८९ मध्ये जीआयपीची नोकरी सोडली. बार्शी लाइटची कंपनी लंडनमध्ये नोंदवली गेली ती १८९५ मध्ये.

आता हा हिशेब नीट समजून घेऊ, कारण शेडचं सगळं काम त्याच्याशी जोडलेलं आहे. बार्शी लाइटचा मूळ रूळ यार्डाला तीस पौंड वजनाचा होता, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो. एवढ्या बारीक रुळावर जड इंजिन घातलं तर तो वाकणार किंवा तडकणार. म्हणून हलकं इंजिन घ्यावं, तर त्याच्याने ओझं ओढवत नाही. कॅलथ्रॉपने इंजिन हलकं केलं नाही, त्याचं वजन वाटून टाकलं. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याच्यासाठी ०-८-४ चाकरचनेची टाकीवाली इंजिनं बांधली. पुढे एकमेकांना जोडलेली आठ चाकं, मागे आधाराची चार. सहा जोड्यांवर वजन सारखं वाटलं की जवळजवळ तीस टनांचं इंजिनही पाच टनांचा नियम मोडत नाही. डब्यांचंही तेच. चार जोड्यांचा बोगी डबा मालासकट वीस टनांपर्यंत भरता येतो आणि एकही चाक जास्त दाबत नाही. हे डबे लीड्स फोर्ज कंपनीने दाबून घडवलेल्या पोलादाचे बनवले. जहाजावर चढवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले इथे रुळाचा तुकडा टाकून १८९६ मध्ये हे सगळं चालवून दाखवलं गेलं. अडीच फुटी रेल्वे हे खेळणं नाही, ती पुरतं ओझं वाहते, हे युरोपातल्या इंजिनिअरांनी डोळ्यांनी पाहिलं.

पण न्यूलेच्या प्रयोगात सगळं नवं कोरं होतं. स्प्रिंगांचे पट्टे ताठ होते, बेअरिंगा घट्ट होत्या, बॉयलरमध्ये क्षाराचा कण नव्हता. नवं यंत्र नियम पाळतंच. खरा प्रश्न दहा वर्षांनी, तीस वर्षांनी उभा राहतो. इंजिनाचं वजन चाकांवर सारखं वाटलं जातं ते कमानीसारख्या वाकलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांमुळे. त्यातला एक पट्टा तुटला किंवा बसला की त्या चाकाचा भार शेजारच्या चाकावर जातो. पाचाचे सहा होतात. ब्रॉडगेजच्या भक्कम रुळावर एवढ्याने काही बिघडत नाही. बार्शी लाइटच्या रुळावर तो फरक सांध्यापाशी तडा होऊन बाहेर येतो. त्यामुळे हातोडी घेऊन इंजिनाभोवती फिरणारा आणि प्रत्येक स्प्रिंगवर, प्रत्येक चाकाच्या धावेवर टोला देऊन आवाज ऐकणारा फिटर हा या रेल्वेचा खरा पहारेकरी होता. सुदृढ पोलाद खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. आठ जोडचाकांच्या इंजिनात तपासायच्या जागा सहाचाकीपेक्षा जास्त. जोडदांडे जास्त, बेअरिंगा जास्त, तेल घालायच्या जागा जास्त. वजन वाटून घेतलं म्हणजे देखभालही वाटली जात नाही, ती वाढते. कॅलथ्रॉपने रुळात वाचवलेला पैसा शेडने रोजच्या कष्टात भरून दिला. माझ्या मते या रेल्वेच्या इतिहासातली सर्वांत कमी सांगितली गेलेली गोष्ट हीच आहे.

वाफेच्या इंजिनाची शेड म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा नव्हे. डिझेल किंवा विजेचं इंजिन हवं तेव्हा बंद करता येतं, वाफेचं तसं येत नाही. ते परत आलं की आधी राखेच्या खड्ड्यावर उभं करायचं. मग जाळीवरची आग साफ करायची. कोळशातली माती वितळून तिचे गठ्ठे जाळीला चिकटलेले असतात, ते लांब सळ्यांनी फोडून खाली पाडायचे. पुढच्या धूरपेटीचं दार उघडून आत साचलेली राख फावड्याने उपसायची. ज्याने हे काम मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात केलं असेल, त्याला शेडची दुसरी व्याख्या सांगावी लागत नाही. त्यानंतर कोळसा, पाणी, वाळू. वाळू कशासाठी, तर चढावर किंवा ओल्या रुळावर चाक घसरू लागलं की चाकापुढे सोडण्यासाठी. ती चाळून, भट्टीवर वाळवून कोरडी ठेवावी लागे, नाहीतर नळी चोंदते. लातूरच्या वाटेवरच्या येडशीच्या घाटाकडे निघालेल्या इंजिनाला वाळू नसेल तर ते घाटातच उभं राहणार.

मग ड्रायव्हर दुरुस्तीच्या वहीत तक्रारी लिहायचा. इंजेक्टर पाणी घेत नाही, डाव्या बाजूचं ग्लँड वाफ सोडतं, मागची बेअरिंग तापते. शेडच्या भाषेत याला बुकिंग म्हणत. ही वही म्हणजे इंजिन आणि माणूस यांच्यातला रोजचा पत्रव्यवहार. तापणाऱ्या बेअरिंगकडे दुर्लक्ष झालं तर तिच्यातला मऊ धातू वितळून वाहून जातो, दांडा खरवडला जातो आणि इंजिन वाटेत बसतं. एकेरी मार्गावर एक इंजिन बसलं की दोन्ही बाजूंच्या गाड्या अडकतात. त्यामुळे वहीतल्या चार ओळी वाचून कुठलं इंजिन रात्रीत तयार करायचं आणि कुठलं थांबवायचं हे ठरवणारा शेडचा फोरमन हा त्या मार्गाचा निम्मा मालक असे.

ठरावीक दिवसांनी वॉशआउट. हे शेडमधलं सर्वांत मोठं नेहमीचं काम, आणि कुर्डुवाडीसारख्या जागी सर्वांत अवघडही. आग पूर्ण काढायची आणि बॉयलर सावकाश निवू द्यायचा. घाई केली तर नळ्या आपल्या बैठकीतून सैल होऊन गळू लागतात. मग बॉयलरच्या कोपऱ्यांतले प्लग उघडायचे, आत सळ्या घालून चिखल आणि खपल्या खरवडायच्या, जोराच्या पाण्याने धुऊन काढायच्या, दिवा आत धरून पाहायचं, प्लग पुन्हा बसवायचे, पाणी भरायचं. मग जळाऊ लाकूड, तेलात भिजलेल्या चिंध्या आणि थोडा थोडा कोळसा घालत आग वाढवायची. थंड बॉयलर कामाला येईपर्यंत कित्येक तास जातात. सकाळच्या गाडीचं इंजिन म्हणजे आदल्या रात्रीचं कुणाचं तरी जागरण असे.

वॉशआउट अवघड का, तर पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी बहुधा जड, क्षारांचं. घरात ते पाणी उकळलं की भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. तोच थर बॉयलरच्या नळ्यांवर आणि अग्निपेटीच्या भिंतींवर बसतो. थर जेवढा जाड, तेवढी उष्णता पाण्यापर्यंत उशिरा पोहोचते आणि कोळसा जास्त जळतो. जास्त झाला की थराखालचं तांबं किंवा पोलाद भाजून निघतं. अग्निपेटीच्या छताला शिशाचा प्लग असतो. पाणी छताच्या खाली गेलं तर शिसं वितळतं, वाफ आत सुटून आग दबते आणि माणसांचे जीव वाचतात. तो प्लग वितळला तर मात्र चौकशी ठरलेली. सोलापूर जिल्ह्यात कायमचा दुष्काळ, आणि वाफेचं इंजिन म्हणजे पाणी पिणारं यंत्र. ही रेल्वे सुरू झाली तेच साल मोठ्या दुष्काळाचं होतं. १८९६-९७च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळत होता. अशा मुलखात वाफेची रेल्वे शतकभर चालवायची, तर कुठल्या विहिरीचं पाणी किती जड, उन्हाळ्यात कुठली आटते, कुठे इंजिनाला पोटभर पाजून घ्यायचं, याचं ज्ञान शेडला आणि ड्रायव्हरांना तोंडपाठ असावं लागे.

याच मार्गावरून पुढे पाणीच धावलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर कोरडं पडलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवलं गेलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. काही दिवसांत पन्नास टाक्यांच्या गाड्या सुरू झाल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, म्हणजे बहुतेक बार्शी लाइटचाच जुना मार्ग, आता ब्रॉडगेज झालेला. पूर्वी तेलासाठी वापरलेल्या त्या टाक्या पिण्याच्या पाण्यासाठी स्वच्छ कशा केल्या? राजस्थानात कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन. रेल्वे यंत्रणा ऐन वेळी कामाला येते तेव्हा तिच्यामागे अशी एखादी शेड, एखादं वर्कशॉप असतं. बातम्यांत पाण्याची गाडी दिसली, कोट्याचे कामगार फारसे दिसले नाहीत.

पहिल्या नऊ वर्षांनंतर बार्शी लाइट वाढू लागली. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला फाटा गेला, १९११ मध्ये बार्शीकडचा मार्ग येडशी, तडवळ्यावरून लातूरला पोहोचला आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज जोडलं गेलं. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. कुर्डुवाडी मधोमध आली. मिरजेचा विस्तार पुरा झाला त्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, कॅलथ्रॉप इंग्लंडमध्ये वारला. आयुष्याच्या उत्तरार्धात तो रेल्वेपासून दूर गेला होता. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात गेला आणि त्या धक्क्याने कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. 'गार्डियन एंजल' नावाचं त्याचं पॅराशूट घेऊन १९१७ मध्ये थॉमस ऑर्ड-लीस यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून दाखवली. हे ऑर्ड-लीस त्याआधी शॅकलटनच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आलेले. पॅराशूट काय किंवा पाच टनांची रेल्वे काय, भार किती पसरला म्हणजे सोसवतो, हाच प्रश्न कॅलथ्रॉपने आयुष्यभर सोडवला.

पंढरपूरच्या फाट्याने शेडचं वर्षच बदलून टाकलं. पूर्वी रेल्वेने येणारा वारकरी बार्शी रोडला उतरून पुढचे पन्नास-बावन्न किलोमीटर गाडीने किंवा पायी जाई. आता आषाढी-कार्तिकीला तो थेट चंद्रभागेपर्यंत येऊ लागला. प्रवासी डबे पुरेनात, मालडब्यांतून माणसं नेली जात, टपांवर माणसं बसत. इंजिनखान्याच्या दृष्टीने आषाढी ही सर्वांत मोठी परीक्षा. ज्या थोड्या दिवसांत एकही इंजिन नादुरुस्त असून चालत नाही, ते दिवस पावसाळ्याच्या तोंडाशी येतात. म्हणजे वॉशआउट, बेअरिंगा, स्प्रिंगा, सगळं जेठ महिन्यातच उरकून ठेवायचं. कुणाच्या गावची जत्रा, कुणाच्या घरचं लग्न, सगळं पंढरीच्या वारीनंतर. डब्यात किती माणसं चढणार यावर कुणाचा ताबा नसे, त्यामुळे पाच टनांचा नियम आषाढीत फक्त देखभालीच्या जोरावर टिकायचा. वारकऱ्यांच्या परंपरेवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांना पोहोचवणाऱ्या इंजिनांखाली झोपून काम केलेल्या माणसांचाही त्या परंपरेत वाटा आहे.

१९२०च्या दशकात मिरजेच्या मार्गासाठी २-८-२ रचनेची, मागे टेंडर असलेली मोठी इंजिनं आली. इंजिनं मोठी झाली, रूळ वेळोवेळी बदलले, तरी रूळ सोसेल तेवढंच वजन, हा हिशेब कायम राहिला. मिरजेचं चित्र तर देशात विरळा. तिथे १८९१ पासून कोल्हापूरचा मार्ग होता, १९२७ मध्ये नॅरोगेज आली, १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि लोंढ्याकडचा मीटरगेजच राहिला. नव्वदच्या दशकापर्यंत एकाच जंक्शनवर तीन रुंदीचे रूळ होते. बार्शी लाइट मात्र एकटीच. तिच्या डब्याला दुसऱ्या कुठल्या मार्गावर जाता येत नव्हतं, आणि दुसऱ्या शेडमधून इंजिन मागवून घेण्याची सोयही नव्हती. म्हणून कुर्डुवाडीत शेडबरोबर वर्कशॉपही होतं. शेडमध्ये रोजची दुरुस्ती, वर्कशॉपमध्ये इंजिन पूर्ण सुटं करून नव्याने बांधणं. सुटा भाग विलायतेहून येईपर्यंत थांबणं परवडत नसे. तो इथेच ओतायचा, कातायचा, घासायचा. शेतीच्या मुलखात असं कौशल्याचं केंद्र उभं राहिलं, हे या रेल्वेचं देणं वाहतुकीइतकंच मोठं आहे.

त्या कौशल्याची शिडी मात्र सगळ्यांना सारखी नव्हती. हे न लिहिता शेडचं कौतुक करणं मला पटणार नाही. खलाशी म्हणून लागायचं, मग क्लीनर, मग आगवाला म्हणजे फायरमन, आणि वर्षानुवर्षांनी ड्रायव्हर. किंवा खलाशापासून फिटर, मिस्त्री, चार्जमन. कागदावर वाट मोकळी होती. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रेल्वेतलं वास्तव उघड मांडलं. दलित कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो, वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक किंवा फोरमन होत नाही, हमालच राहतो, हे त्यांनी तिथे सांगितलं. भांडवलशाहीबरोबर ब्राह्मणशाही हाही कामगारांचा शत्रू आहे, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी याच परिषदेतली. ते बोलत होते जीआयपीबद्दल, पण कुर्डुवाडी जंक्शनावर जीआयपी आणि बार्शी लाइट शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि समाज एकच होता. राखेच्या खड्ड्यात कोण उतरतं आणि दुरुस्तीच्या वहीवर सही कोण करतं, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक शेडला विचारायला हवा.

कामाच्या तासांचा प्रश्न पुढचा. इंजिनावरची माणसं गाडी पोहोचेपर्यंत ड्युटीवर, आणि नॅरोगेजची गाडी सावकाश जाणारी. ऑगस्ट १९७३ मध्ये देशभरच्या लोको रनिंग स्टाफने संप करून दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन मिळवलं. पुढच्या वर्षी ८ मेपासून जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा मोठा संप झाला. वीस दिवस, सुमारे सतरा लाख कामगार. वाफेच्या शेडमधल्या माणसांसाठी हे तास पुस्तकी नव्हते. अग्निपेटीसमोर उभं राहून फावड्याने कोळसा टाकत काढलेले ते तास होते.

मालकी तोवर बदललेली होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाइट कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. १९६६ मध्ये सोलापूर विभाग नव्या दक्षिण-मध्य रेल्वेकडे गेला, १९७७ मध्ये परत मध्य रेल्वेत आला. लोकांच्या तोंडी ती बार्शी लाइटच राहिली. यथावकाश झेडडीएम जातीची डिझेल इंजिनं आली आणि शेडचा स्वभाव बदलला. रात्रभर आग सांभाळायची गरज उरली नाही, राखेचा खड्डा रिकामा राहिला, वॉशआउट बंद झालं. फिल्टर, वंगण, इंधनाचे इंजेक्टर, वेळापत्रकानुसार तपासण्या सुरू झाल्या. फायरमनचं काम गेलं. हे होणारच होतं आणि व्हायलाच हवं होतं. त्या उष्णतेत, त्या धुळीत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी काम करत राहावं असं कुणी म्हणणार नाही. पण जुने कामगार कानाने, हाताने, वासाने जे ओळखायला शिकले होते, ते कुणी लिहून घेतलं नाही, आणि ते नव्या कामात उपयोगी पडेना.

१९९२ मध्ये रेल्वेने सगळ्या रुंदी एक करण्याचं धोरण घेतलं. कुर्डुवाडी-पंढरपूर हा टप्पा २००१-०२च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. लातूरकडचा मार्ग नव्या आखणीने उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिवला, स्पर्श करून २००८ मध्ये कुर्डुवाडीशी जोडला गेला. जिल्ह्याचं ठाणं असूनही हे शहर बार्शी लाइटच्या वाटेवर कधी नव्हतं. पंढरपूर-मिरज सर्वांत शेवटी, २०१०च्या सुमारास. लातूरहून मुंबईला आता डबा न बदलता जाता येतं. आता लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखानाच उभा आहे आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा बांधून झाला. बार्शीच्या व्यापाऱ्यांनी शतकापूर्वी मागितलं होतं त्याहून हे जास्त आहे. रुंदी बदलणं योग्यच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. रुंदी बदलली तेव्हा जपायचं म्हणून जे जपलं गेलं, ते इंजिन होतं. देशभर वाफेची इंजिनं रंगवून चौथऱ्यांवर चढवली गेली. चौथऱ्यावरचं इंजिन पाहून मुलाला चाकं दिसतात, चिमणी दिसते, नंबर दिसतो. ते रोज जिवंत कसं ठेवलं जाई हे दिसत नाही. त्यासाठी शेड लागते: राखेचा खड्डा, इंजिनाखाली उतरायची पायरी, वॉशआउटचे नळ, वाळूची भट्टी, हत्यारांचा फळा, बुकिंगच्या वह्या. हरियाणातल्या रेवाडीला हे घडलं. १८९३ सालची ती मीटरगेज शेड नव्वदच्या दशकात बंद झाली होती. ती पाडली नाही, २०१० मध्ये दुरुस्त करून उघडली, आणि तिथे आजही इंजिनात आग पेटते. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. इंग्लंडमध्ये कॅलथ्रॉपनेच आखलेली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली, म्हणजे बार्शी लाइटच्या कितीतरी आधी. तिच्या एका इंजिनाला कॅलथ्रॉपचंच नाव होतं. तो मार्ग आज चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट म्हणून राखला आहे. तीस वर्षं जगलेल्या त्या रेल्वेबद्दल इंग्रजीत पुस्तकं आहेत, नकाशे आहेत. शंभर वर्षांहून जास्त जगलेल्या आपल्या रेल्वेबद्दल जे आहे ते बहुतेक इंग्रजीत, इंजिनांच्या हौशी अभ्यासकांनी लिहिलेलं. त्यात चाकरचना आहेत, कारखान्यांची नावं आहेत, माणसं जवळपास नाहीत.

कुर्डुवाडीचं वर्कशॉप चालू आहे, तिथे आता ब्रॉडगेजच्या मालडब्यांची दुरुस्ती होते. शेडमधून तिथे गेलेली, तिथून निवृत्त झालेली माणसं कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, मिरज परिसरात आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे इतिहास आणि मराठीचे विभाग त्यांच्या आठवणी नोंदवायचं काम एका वर्षात करू शकतील. स्प्रिंगचा ताण कसा मोजत, टोल्याचा आवाज शिकवायला किती महिने लागत, कुठल्या स्टेशनाचं पाणी बॉयलरला मानवत नसे, आषाढीच्या आधी कामाच्या पाळ्या कशा लागत, पहिल्यांदा फिटर झालेल्या दलित कामगाराला त्या दिवशी कुणी काय म्हटलं, डिझेल आल्यावर फायरमनांचं काय झालं. कुणाच्या माळ्यावर जुनी दुरुस्तीची वही असेल, कुणाकडे सेवापुस्तिका, कुणाकडे बढतीच्या परीक्षेची टिपणं. रेल्वेच्या विभागीय कार्यालयात आराखडे असतील, ते मागता येतात. वाफेच्या शेवटच्या वर्षांत विशीत खलाशी म्हणून लागलेली माणसं आज निवृत्त झाली आहेत किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना हे प्रश्न येत्या पाच-दहा वर्षांतच विचारता येतील.